साडेतीनशे आणि जवसाचं तेल

मुर्री, ४ नोव्हेंबर २०२४

नंदलाल,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहू का, असं रुची विचारते. लिही म्हटलं, फुकटचे आहेत.

लिहिणारी तुझी मुलगी आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. ती आईच्या पोटात आठ महिन्यांची होती तेव्हा तू डोंगरगडची गाडी पकडलीस. आता पुढच्या महिन्यात बावीसची होईल. दोन तासांचा रस्ता, आणि बावीस वर्षं झाली. बैलगाडीनं निघाला असतास तरी एव्हाना पोचला असतास.

फोन आधी केला. तीनदा केला. तीनदा तू माझा आवाज ऐकलास आणि कापलास. म्हणून कागद. कागद फाडायचा म्हटलं तरी हातात धरावा लागतो, तेवढ्यात दोन ओळी डोळ्यांत जातात.

काम असं आहे. रुचीनं तुझी मोटरसायकल विकत घेतली, साडेतीनशे. हो, तीच. दोन सायलेन्सरची, काळ्या टाकीची, जिचा आवाज नागऱ्याच्या देवळाजवळ निघाला की इकडे माझ्या चुलीवरचं झाकण वाजायचं. पोरीनं आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचं केलं आहे. रस्त्यावरच्या गॅरेजात काम करते. पोरं गाडी घेऊन येतात आणि विचारतात, मिस्त्री कुठं आहे? ती हातातला पाना दाखवते. अर्धी तिथंच चूप होतात.

गाडी मुन्नालालच्या गोदामात होती, धानाच्या बारदान्याखाली. मी त्याला विकली तेव्हापासून तिथंच. त्याला आता कोणी सांगितलं की अशा टू-स्ट्रोक गाड्यांसाठी नागपूरची हौशी माणसं गावं पालथी घालून राहिली आहेत. मग काय, तिच्याभोवती फिरायला लागला. मीही रुचीबरोबर गेले होते.

“काकू, ये गाडी नहीं, सोना है.”

“सोन्याले उंदीर खाते का रे मुन्नालाल? सीट पाह्य तिची.”

“ओरिजनल है जी सब. एक नट नहीं बदला.”

“बदलशील कुठून? बावीस वर्षं चालूच नाही झाली ते.”

रुची हसली नाही. खाली बसून इंजिनावर हात फिरवत होती, म्हशीच्या पोटावर फिरवतात तसा. मी टाकीवर हात ठेवला आणि काढून घेतला. ते असो.

अडचण कागदाची निघाली. गाडी अजून तुझ्या नावावर आहे. मी विकली तेव्हा स्टॅम्पपेपरवर अंगठा दिला होता. मला वाटलं, आईनं अंगठा दिला की झालं. मुन्नालाललाही तेच वाटलं. गाडी ज्याच्या नावावर त्याचीच सही लागते, हे दोघांनाही बावीस वर्षं कळलं नाही. फॉर्म सोबत जोडला आहे. चेसिस नंबरची पेन्सिलछाप रुचीनं काढली आहे. नंबरावर कागद धरला, पेन्सिल घासली, आणि आकडे आपोआप वर आले. मला वाचता येत नाहीत, पण येताना पाहिले. जिथं फुली आहे तिथं सही कर आणि परत पाठव. तिकिटं लावलेला लिफाफाही आत आहे, म्हणजे तुला बहाणा नको.

ऑइलच्या टाकीत काहीतरी थिजलं आहे, राळेसारखं. हे काय आहे, रुची विचारते. उंदरांचं काही असेल, मी म्हटलं.

तिला सगळं सांगितलं आहे. तू गाडीवरून नाल्याच्या पुलावर पडलास, उजवा गुडघा गेला, किक मारता येईना, लाज वाटली, निघून गेलास. तसंच झालं. लिही पोरी, तसंच झालं.

आणखी एक. तिला गाडी पाहिजे असं ती म्हणते. पण गाडीच पाहिजे असती तर तिनं चालणारी घेतली असती. (आजी हे लिहायला लावते आहे. मी असं काही म्हटलेलं नाही. — रुची)

तुझी आई
शामकला


मुर्री, २३ नोव्हेंबर २०२४

नंदलाल,

आज लेखणी तुझ्या बायकोच्या हातात आहे. रुची इंजिनाचं गॅस्केट आणायला गोंदियाला गेली. प्रेमिलाला म्हटलं, तू लिही. ती म्हणाली, “मी नाही जी लिहीत त्यायले.” मी म्हटलं, तू नको लिहू. मी लिहून राहिली, तू फक्त हात चालव.

तुझं उत्तर आलं. रुचीनंच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, सणाची मिठाई उघडावी तशी. चार ओळी. “म्हातारीनं पोरीले खरं सांगावं. माझा गुडघा पुलावर गेला नाही, घरात गेला. कोणी फोडला ते तिनं आपल्या तोंडानं सांगावं. मग सही देतो.” वाचता वाचता तिचा आवाज लहान झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आजी, कसलं खरं?”

मी म्हटलं, तुझ्या बापाच्या डोक्यावर ऊन लागलं असेल. नोव्हेंबरात.

अट तू चांगली काढलीस. तुला वाटते, मी अर्धं सांगीन. आईनं मुसळ उचललं आणि पोराचा गुडघा फोडला, एवढं. मग पोरगी माझ्या हातचं पाणी पिणार नाही आणि तुझ्याकडे धावत येईल. पण अर्धं सांगायचं तर दुसरं अर्धं कुठं ठेवू? ते हिच्या हातावर आहे.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. तू गाडी घेऊन आलास, तिचा आवाज वेगळाच होता, घशात काही अडकल्यासारखा. दारातच बंद पडली. तू किक मारलीस. खाली जाईना. आणखी मारलीस. मग उतरलास, ऑइलच्या टाकीचं झाकण काढून बोट घातलंस, वास घेतलास.

“ऑइल कोणी भरलं?”

ही म्हणाली, “मी.”

तूच सांगून गेला होतास, टाकी भरून ठेव म्हणून. हिनं कपाटातली बाटली काढली, वरचं नाव वाचलं आणि भरलं. तू हिचा हात धरलास, कोपराच्या खाली, आणि इंजिनाजवळ जिथं सायलेन्सरचा तापलेला पाइप कड्यानं आवळलेला असतो तिथं दाबलास. दाबून धरलास. मी ओसरीवर होते. आधी मला कळलंच नाही की तो आवाज हिच्या तोंडातून येतो आहे. पोरांचा बैल कुठं चाकाखाली आला असं वाटलं. मग वास आला. सहा महिन्यांची गरोदर बाई पाय घासत होती आणि तू विचारत होतास, “आता येईल का वाचता? आता येईल?”

धान कांडायचं मुसळ भिंतीला लागून होतं, लोखंडी कड्याचं. पहिला घाव तुझ्या पाठीवर बसला, तू सोडलं नाहीस. दुसरा मी बघून घातला. उजव्या गुडघ्यावर. किकच्या पायावर. आवाज झाला, ओली काटकी मोडावी तसा नाही, वाळलेली. मी शपथेवर सांगते, रागात नाही घातला. तो पाय गेला तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर तुझा माज जाईल, एवढा हिशेब मी तेवढ्यात केला होता. हिशेबात मी कधीच कच्ची नव्हते, अक्षरातच होते.

गाडी विकली ती तुझ्याच गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. तू बरा झालास आणि गेलास. गावाला पूल सांगितला. बिचाऱ्या पुलानंही काही म्हटलं नाही.

आता प्रेमिला, पुढचं नीट लिही. थांबलीस काऊन?

त्या बाटलीत जवसाचं तेल होतं. ऑइलची रिकामी बाटली चांगली जाड, फेकायची कायले? मीच धुतली आणि मीच तेलीणबाईकडून जवसाचं तेल तिच्यात भरून घेतलं. कपाटात तुझ्या ऑइलच्या बाटलीशेजारी मीच ठेवली. मला वाचता येत नाही म्हणून मी प्रत्येक गोष्टीचा वास घेते. हिला वाचता येते म्हणून हिनं नाव वाचलं. तू “कोणी भरलं” विचारलंस तेव्हा मला बाटली आठवली. तेव्हाच. तू हिचा हात धरण्याच्या आधी. मी तोंड उघडलं असतं तर पाइपवर माझा हात असता, किंवा कोणाचाच नसता. मी उघडलं नाही. मुसळ मला उचलता आलं, तोंड उघडता आलं नाही.

बावीस वर्षं ही माझ्या घरात माझ्यासाठी भाकरी करते आहे आणि समजते आहे की सासूनं आपल्याला वाचवलं.

(यानंतर सासूबाईंनी विचारलं, लिहिलं का सगळं. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, चहा ठेवू का. त्यांनी मला चहा करून दिला. साखर जास्त पडली होती. — प्रे.)

शामकला


मुर्री, १ डिसेंबर २०२४

नंदलाल,

रुची लिहिते आहे. आज ती मी सांगते तेवढंच लिहिते. मध्ये खोड काढून पाहिली. “पोरी, एवढं दाबून लिहिशील तर कागद फाटेल, बापाले वाटेल आपणच फाडला.” हसली नाही.

अट पूर्ण झाली. पण मी सांगायच्या आधीच तिला कळलं होतं, म्हणून पूर्ण झाली की नाही ते तूच ठरव.

ती इंजिन खोलून बसली होती अंगणात. पाइप काढले, रॉकेलनं धुतले, तारेच्या ब्रशनं घासले. ऑइलच्या टाकीतलं ते थिजलेलं चाकूनं खरवडलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. म्हणाली, “आजी, हे तं जवसाचं होय.” मी म्हटलं, मोठी नाकाची आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाइपच्या तोंडाशी ते कडं होतं, अर्धं गोल आणि त्याला दोन बोल्टचे डोळे. ती ते हातात घेऊन बसून राहिली.

प्रेमिला आतून धुणं घेऊन आली. तुला माहीत नसेल, तुझी बायको जेठाच्या उन्हातही पूर्ण बाहीचा ब्लाउज घालते. भातावरची पेज सांडली, असं पोरीला लहानपणापासून सांगितलं होतं. रुची उठली, आईचा हात धरला, बाही वर सरकवली आणि कडं त्या डागावर ठेवलं. दोन्ही डोळे दोन्ही डागांवर. इंजिनाला बसतं तसं बसलं.

“पेज होती, आई?”

प्रेमिला म्हणाली, “हो.”

“सांग ना खरं.”

“तुह्या आजीले इचार. तिलेच माह्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

मग मी सांगितलं. गुडघाही, पाइपही, बाटलीही. उलट्या क्रमानं सांगितलं, आधी बाटली. पोरगी ऐकत होती आणि चिंधीनं हात पुसत होती. हात कधीचे स्वच्छ झाले होते. शेवटी म्हणाली, “तुम्ही तिघंही.” एवढंच. उठली आणि पुन्हा पाना घेतला.

तर खरं सांगून झालं. फॉर्म तुझ्याकडे आहे. सही करून डाकेनं पाठव. स्वतः यायची गरज नाही. तू यावंस असं मला वाटत नाही, हे मी आई असून सांगते. तुझा हात अजून तसाच आहे हे मला तुझ्या चार ओळींतच कळलं; माफीचा शब्द एकही नव्हता त्यात, गुडघाच गुडघा होता.

शामकला

खाली पोरगी स्वतःचं काही लिहून राहिली आहे. काय लिहिते विचारलं तर पत्ता म्हणते. पत्ता आतल्या बाजूला कोण लिहिते?

बाबा, फॉर्म डाकेनं पाठवू नका. रविवारी दुपारी स्वतः या. गाडी चालू झाली आहे. — रुची


मुर्री, २२ डिसेंबर २०२४

नंदलाल,

डाव्या भुवईवर सात टाके आहेत, त्यामुळे बोलताना कपाळ ओढते. रुचीला म्हटलं, तसंही लिही. ती म्हणते, ओढ कशी लिहू?

तुझ्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून तुलाही कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल की काय असं क्षणभर वाटलं. मग आठवलं, वाचायला हात लागत नाही. मला या गोष्टींची सवय नाही.

तू आलास तेव्हा मी ओसरीवर हरभऱ्याची भाजी निवडत होते. तुला चालीवरून ओळखलं, उजवा पाय अर्धा गोल फिरवून टाकतोस. तो गोल मीच काढला आहे. केस पांढरे झाले तुझे. पोरगी दारात उभी होती, तू तिच्याकडे पाहिलंस आणि आधी गाडीकडे गेलास. तिनं तेही पाहिलं.

“काय चमकवली बे!” म्हणालास. मुलीला ‘बे’.

“किक मारून पाहा, बाबा.”

“सही पाहिजे ना तुले?”

“आधी किक मारा. मग सही.”

तिनं असं काऊन म्हटलं, हे मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, “मले पाहाचं होतं, ‘मला जमत नाही’ असं ते म्हणतात का नाही.” तू म्हणायला पाहिजे होतंस. बेटा, मला जमत नाही, तू मार. सहा शब्द. तिनं तुला बावीस वर्षांची सगळी दारं उघडून दिली होती, आणि उंबरठा एवढाच होता.

तू बसलास. उजवा पाय उचलून किकवर ठेवलास, हातानं धरून ठेवलास, मी पाहिलं. अंगाचा भार टाकलास. ती गाडी अशी, अर्धवट मारली की उलट मारते. किक वर आली, तुझा गुडघा वाकडा झाला, तू गाडीसकट आडवा झालास. आणि मी हसले.

ती माझी चूक. माझं तोंड, नको तेव्हा बंद राहते आणि नको तेव्हा उघडते.

पान्याचा पहिला वार माझ्या कपाळावर आला. तो मोठा पाना, चाक खोलायचा, जमिनीवर होता, तुझ्या हातात कधी आला ते दिसलंच नाही. भाजीच्या सुपात रक्त पडलं. दुसरा तू उगारलास तेव्हा रुची मध्ये आली आणि तिच्या खांद्यावर बसला. ती ओरडली नाही. तू तिसऱ्यांदा उचललास. तिच्याकडे बघून उचललास, नंदलाल. मी पाहिलं, मला एकाच डोळ्यानं दिसत होतं पण पाहिलं.

मुसळ आता कोणी वापरत नाही. दाराला अडसर म्हणून उभं असते. प्रेमिलानं ते घेतलं. मी ओरडले, “गुडघा!” सवयीनं. तिनं ऐकलं नाही. उजव्या हातावर घातलं, पाना धरलेल्या. एकदा. पाना पडला. मग पुन्हा घातलं, पाना पडल्यावर. ते दुसरं कशासाठी होतं हे तिनं ठाण्यात स्वतः सांगितलं: “पयला पोरीसाठी. दुसरा माह्यासाठी.” हवालदारानं लिहून घेतलं.

रिक्षावाल्या टिंकूला हाक मारली तर त्याच्या रिक्षात मी एकटीच मावले, आडवी. तुझ्या हातातून हाड बाहेर आलं होतं. मग रुचीनं गाडी उचलली. डावा खांदा हलत नव्हता, उजव्यानं उचलली. एक किक. एकाच किकेत. तो आवाज बावीस वर्षांनी अंगणात आला आणि रक्तानं भरलेल्या कानांनीही मला कळलं की ही नीट चालते आहे. पोरीनं तुला म्हटलं, “बसा.” तू बसलास. तिच्या कमरेला चांगल्या हातानं धरून बसलास, आणि निळा धूर सोडत दोघं माझ्या रिक्षाच्या पुढं निघून गेलात.

मुर्रीपासून दवाखान्यापर्यंत बापलेकीचा तेवढाच रस्ता झाला. त्या रस्त्यात तू तिला काय म्हणालास? मी त्या रविवारपासून विचारते आहे. “आवाजात ऐकू नाही आलं,” म्हणते. खोटं बोलते. माझ्यावरच गेली आहे.

डॉक्टरनं विचारलं, गाडीवरून पडले का? मी हो म्हणणारच होते, जीभ तयारच होती. रुची म्हणाली, “नाही जी. गाडीची काही चूक नाही. घरी मारामारी झाली. ह्यायनं आम्हाले मारलं आणि आईनं ह्यायले.” आता पोलिसांनी दोन्हीकडून लिहून घेतलं आहे, कोर्टाच्या तारखा पडतील, बघू. पण बिचाऱ्या गाडीवर दुसऱ्यांदा आळ आला नाही.

मग तूच म्हणालास, “फॉर्म खिशात आहे.” कोणी मागितला नव्हता. रुचीला वाटलं फाडायला मागतोस. तू म्हणालास, सही करता येणार नाही. नर्सनं शाईचा डबा आणला. तुझा डावा अंगठा. साक्षीदार पाहिजे म्हणून शेजारच्या खाटेवर माझा. लहानपणी शाळेतून आलास की मला ‘अंगठाछाप माय’ म्हणून नाचायचास, आठवते? मी हसणार होते, पण टाके होते.

रुचीनं कागद वाळवताना पाहिलं आणि म्हणाली, “आजी, दोघांच्या रेघा सारख्याच आहेत.” मी म्हटलं, असतील. मीच पोटातून काढलं आहे ना त्याला.

कागद झाले. गाडी तिच्या नावावर झाली. संक्रांतीनंतर ती सालेकसा, दरेकसा घाट करून तुझ्या डोंगरगडावरून जाणार आहे. मागे तुझी बायको बसेल. अर्ध्या बाहीचा ब्लाउज शिवायला टाकला आहे, नवा. मला घेत नाहीत. म्हणतात, आजी, तू रस्त्यात हसशील. तुझ्या दारावरून जातील. थांबणार नाहीत. आवाज तुला ओळखता येईल. बाहेर यायचं की नाही, ते तुझं तू बघ.

शामकला
(अंगठा)

थांबणार नाही. हळू करेन. — रुची